टँकरपुढे बसलेली बहीण

गिरजा,

त्या दिवशी खाडीकडच्या रस्त्यात तू गावच्या बायकांना घेऊन माझ्या टँकरपुढे बसलीस. मी हॉर्न वाजवत राहिलो. तू म्हणालीस, “दादा, अंगावरून ने, पण कंपनीचं विषारी पाणी खाडीत सोडू नको.” पोलिसांनी तुला उचलून नेलं आणि मी टँकर खाडीत रिकामा केला.

त्याआधी तीन वर्षं तुमच्या अर्जांना उत्तर नव्हतं. तुम्हा बायकांना अटक झाली, तेव्हा कुठे प्रदूषण मंडळाचे साहेब चौकशीला आले. टँकर कुठे रिकामे होतात, ते त्यांना मीच दाखवलं. तुला अजून ठाऊक नाय.

माझी नोकरी गेली, पण टँकर बंद झाले. काल तुझ्या वहिनीला खाडीत परत निवटे मासे मिळाले. कालवणाशी मी दोनदा भात घेतला. तू बसली नसतीस, तर मी अजून तोच टँकर चालवत असतो गो. समोर येऊन सांगायला गेलो तर रडू येईल, म्हणून लिहिलं. पाठवायचं धाडसही होत नाय.

तुझा दादा,
महिपती