आमच्या घराण्याचा रंग

३ सप्टेंबर २०२२, शनिवार. अल वक्रा.
वर्ल्ड कपला अडीच महिने. अख्खं दोहा काहीतरी बनवतंय, मीही बनवणार. ऑफिसमधल्या एल्साबेने मुशैरिबला शनिवारचा पेंटिंग क्लास काढलाय. बाई साउथ आफ्रिकेची, आफ्रिकानर, म्हणजे तिथल्या गोऱ्यांतली. फक्त स्वतःच्या घरच्यांची चित्रं काढते. वर्णभेदाच्या काळाबद्दल तिच्या घरी म्हणे कुणी चकार शब्द काढत नाही. फार वाईट वाटलं. आपल्याकडे असलं काही नाही. आपण मोकळेढाकळे लोक.
संकल्प: रोज एक तास चित्र. नोव्हेंबरात प्रदर्शन आहे, जगभरचे पाहुणे बघतील.

१० सप्टेंबर
रोज जमलं नाही. साइटवर ड्रेनेजची बोंब.
होमवर्क होता घरचा जुना फोटो. धाकट्या भावाने, कैवल्यने, नाशिकहून माझ्या मुंजीचा पाठवला. काय एकेक चेहरे! सगळे गोरेपान, घारे. एल्साबे बराच वेळ बघत राहिली. इम्प्रेस झाली असणार. मग विचारलं, दारात पडद्याआड अर्धी उभी आहे ती कोण? म्हटलं, कोणी नाही.
शोभाआत्या आहे. पण कॉम्पोझिशनमध्ये बसत नाही.

१७ सप्टेंबर
रंगांचा तक्ता केला. नावं सरळ लग्नाच्या जाहिरातीतली घेतली: गोरा, निमगोरा, गव्हाळ. सावळ्याला चौकट उरली नाही, कागद संपला. एल्साबेने सगळ्यांना बोलावून तक्ता दाखवला. भयंकर प्रामाणिक आहे म्हणाली. प्रामाणिक कसला ते कळलं नाही, पण चौकटी मी पट्टीने आखल्यात.

१ ऑक्टोबर
घरी न बोलली जाणारी एक गोष्ट विचारून या, असा नवा होमवर्क. आईला फोन लावून आत्याचा विषय काढला. आईने गॅस सिलिंडरचं सांगितलं. पुन्हा काढला. कैवल्यच्या गुडघ्याचं सांगितलं. वयामुळे ऐकू कमी येत असावं.
तसं त्यात लपवण्यासारखं काय आहे? आत्या थोरली, सावळी. धाकट्या आत्यांना बघायला मंडळी यायची तेव्हा तिला शेजारी पाठवायचे. तिचं लग्न झालं नाही. स्वयंपाक उत्तम करायची. हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणी बोलायचं नाही. याला समजूतदारपणा म्हणतात.

१५ ऑक्टोबर
अंतराने फोटो पाहिला. मुलगी सोळाची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. फोटो मोठा करकरून विचारलं, ही कोण? हिचा चेहरा माझ्यासारखा का?
मॅचला लागणाऱ्या हय्या कार्डाचं काम आठवलं, म्हणून उठलो. गप्प बसलो असं नाही. टाइम मॅनेजमेंट. नमिता नुसती बघत होती. बायकोचं हे बघणं मला आवडत नाही.
आई तर म्हणते अंतराचा रंग नमिताच्या माहेरचा.

२९ ऑक्टोबर
मुंजीच्या फोटोवरून काढतोय त्या चित्रात दाराची जागा मोकळीच होती, तिथे अंतराला उभं करायचं ठरवलं. ती चक्क तयार झाली! दोन तास बसली, फोनशिवाय. शाळेतलं, मैत्रिणींचं, कितीतरी बोलली. शेवटचं इतकं कधी बोलली होती आठवत नाही. फार बरं वाटलं. माझा वर्ल्ड कप इथेच झाला, खलास.
ती झोपायला गेल्यावर चेहरा पूर्ण केला. थोडा उजेड वाढवला. मग आणखी थोडा. सगळ्यांच्यात उठून दिसू नये म्हणून.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार
उद्घाटन. ट्रॅफिक तुफान. परदेशी पाहुणे मोजके, त्यातले दोन ब्राझीलच्या जर्सीतले टॉयलेट विचारून गेले. हरकत नाही.
इथल्या हॉस्पिटलातल्या, मूळ वसईच्या जोसेफीन सिस्टर आल्या होत्या. चित्रावर खूश. दारातली माझी मुलगी, असं मी सांगितलं. तुमची मुलगी किती गोरी हो, आलीय का? असं विचारलं. अंतरा माझ्या शेजारीच उभी होती. तीच म्हणाली, नाही, ती नाही आली. अगदी नम्रपणे.
मी हसलो. एकटाच.
मग अंतरा मेट्रोने पुढे निघून गेली.

१९ नोव्हेंबर
लाइटिंगमुळे झालं. हॉलमधले बल्ब फार पांढरे आहेत. एल्साबेला मेल करणार.

२० नोव्हेंबर, रविवार
मेल केली नाही.
आज पहिली मॅच. सकाळी अंतराला म्हटलं, बस समोर, नव्याने काढतो. ती बसली नाही. माझी रंगांची पेटी उघडली आणि ब्राउनची ट्यूब काढून माझ्या हातात दिली. सील तसंच होतं. लाज वाटली. आत्याचं सगळं सांगून टाकावंसं वाटलं, कुठून सुरू करावं ते सुचेना.
दुपारी विचारलं, मॅच कुठे बघणार. वर्ल्ड कपची सुट्टी संपून शाळा कधी उघडणार विचारलं. उत्तर नाही. संध्याकाळी मैत्रिणींकडे गेली, नमिताला सांगून.
रात्री ती परतल्यावर जेवायला आम्ही तिघं होतो. टीव्हीवर मॅचच्या गप्पा चालल्या होत्या. टेबलावर कुणीच काही बोललं नाही.