नेम चुकलेल्यांची भिंत

१९ ऑक्टोबर

आलो एकदाचा! पूल ओलांडताना काच खाली करून सरोवराच्या वाऱ्यात चक्क बोंब ठोकली. मागे राहिलं कॉलेज, मागे राहिले अर्थशास्त्राचे ते सुतकी चेहऱ्याचे प्राध्यापक, मागे राहिली आईची रडारड. पुढे लिनिया आहे. मला तेवढं कारण पुरतं.

तिच्या बापाने, वेस हार्यूने, अंगणातच स्वागत केलं. आला का पुलाखालचा, म्हणाला. इथे वर, पुलाच्या उत्तरेला राहणारे लोक आम्हां दक्षिणेकडच्या खालच्यांना असंच म्हणतात, म्हणजे पुलाखाली बसणारी भुतं. कुऱ्हाड कुठल्या टोकाला धरतात ते कॉलेजात शिकवलं का, की त्याआधीच पळालास, असंही विचारलं. मी हसलो. सासरा होणार आहे, हसावंच लागतं.

काम झकास आहे. हरणांचा हंगाम सुरू होईपर्यंत त्यांच्या जंगलातल्या कॅम्पवर राहायचं, लाकूड फोडायचं, छपराला डांबर लावायचं, उंदीर हाकलायचे. लाकडाचं दोन खोल्यांचं घर, शेगडी, बाजूला वाफेची न्हाणी. समोर देवदारांची दलदल. लिनियाने गरम पेस्टी आणून दिली, आत बटाटा, मांस आणि तो उग्र वासाचा सलगम. मी सलगमसुद्धा खाल्ला. प्रेमाची याहून मोठी कसोटी असेल तर सांगा.

एकच खुपलं. गेल्या वर्षी वाढदिवसाला दिलेला हिरव्या चौकड्यांचा शर्ट तिने घातला नव्हता. द्यायच्या आधीच सिगरेटने मी त्याला खाली भोक पाडलं होतं आणि लाल दोऱ्याने स्वतः रफू केलं होतं. इतकं गबाळं रफू, की ती डोळ्यांत पाणी येईतो हसली होती. शर्ट कुठाय विचारलं, तर म्हणाली, विटला.

२१ ऑक्टोबर

शेगडीमागची भिंत चिंध्यांनी भरली आहे. इथली रीत अशी, की हरणावर झाडलेली गोळी चुकली तर त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्या शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं लोंबतं टोक, म्हणजे शेपूट, कापायचं, खिळ्याने भिंतीवर ठोकायचं, खाली नावाची चिठ्ठी लावायची आणि बियर पीत त्याची टर उडवायची. लिनियाच्या पणज्याचंसुद्धा शेपूट आहे इथे, पार काळं पडलेलं. ठोकलेलं काढायचं नाही. काढलं तर म्हणे जंगल रुसतं. बाप्ये म्हणवतात स्वतःला!

पार वर, धुराने काळवंडलेली एक घडी आहे. चिठ्ठीवर अर्वोचं नाव, गेल्या वर्षीचं साल.

अर्वो म्हणजे लिनियाचा धाकटा भाऊ. गेल्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, पंधराव्या वर्षी, याने हरीण समजून माणूस मारला. ऑर्व्हिल टँब्लिन, निवृत्त पोस्टमन. आणि ती चिंधी या लोकांनी ठेवली आहे! माणूस मेला, पण नेम चुकला तो चुकलाच, रीत म्हणजे रीत. अशा लोकांत माझी लिनिया वाढली. चिखलात कमळ म्हणतात ते खोटं नाही.

२५ ऑक्टोबर

आज अर्वोची शिक्षा बघितली. ऐका. टँब्लिनबाईंकडे दर शनिवारी लाकडं फोडायची. शाळांमधून बंदुकीच्या सुरक्षेवर भाषणं द्यायची. एकविसाचा होईपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. झालं! एक माणूस बरोबर अमुक गाड्या सरपण. न्यायाधीशही स्वतः शिकारी, त्यांनी म्हणे निकाल देताना डोळे पुसले. गावाचं मत असं, की हे कुणाच्याही हातून झालं असतं, आणि जंगलात माणूस ओळखू यावा म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट पोस्टमनने घातलं नव्हतं, तपकिरी कोट होता, मग दुसरं काय होणार. म्हणजे मेला तो मेलाच, वर कपडे चुकीचे घालून मेला.

पोरगा घुम्यासारखा लाकडं फोडतो. मान वर नाही. मी त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, की स्वस्तात सुटलास रे. त्याने फक्त घाम पुसला.

टँब्लिनबाईंनी मला कॉफी दिली. त्यांना राग येत नाही, त्याचाच मला राग आला. त्या एवढंच म्हणाल्या, की ऑर्व्हिल लगेच गेला नाही. डॉक्टरांच्या मते रात्र निम्मी होईतो जिवंत होता. त्याच्या बंदुकीतली तीन काडतुसं रिकामी पडलेली मिळाली. जंगलात थोड्या थोड्या अंतराने तीन गोळ्या म्हणजे मदतीला या, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हार्यूंच्या कॅम्पपासून तो हाकेच्या अंतरावर होता. वेसने कोर्टात सांगितलं, वारा होता, काही ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, त्या दिवशी वारा नव्हता रे बाळा, माझी चादर दोरीवर सरळ लोंबत होती.

२८ ऑक्टोबर

छपराचं काम संपवून उतरलो, उजेड कलला होता. दलदलीच्या पलीकडून गोळी. मग शांत. मग दुसरी. मग तिसरी. पक्षी मारणारे कुणीतरी असतील. त्यांचा हंगाम आहे. पण पक्ष्याच्या बंदुकीचा आवाज फुसका असतो, हा जड होता.

मी गेलो नाही. कशाला जाऊ? यांच्या दलदलीत बूट घालवायला मी काही हार्यू नाही.

२ नोव्हेंबर

पुन्हा. त्याच वेळी, तशाच तीन. या खेपेला अलीकडून.

वेस मीठ आणि पीठ घेऊन आला होता, त्याला सांगितलं. त्याचा हात डब्यावरच थांबला. मग म्हणाला, पुलाखालच्यांना फांदी मोडली तरी तोफ वाटते. आणि जाताना दारातून, माझ्याकडे न बघता, म्हणाला की ऐकू आलं तरी उत्तर द्यायचं नाही.

भित्रा! एवढा सहा फुटी धटिंगण आणि अंधार पडायच्या आत गाडी सुरू करून पसार. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. अशा माणसांवर तर त्याहून नाही.

६ नोव्हेंबर

शेगडीचं धुराडं साफ करायला शिडी लावली. अर्वोची चिंधी नाकासमोर आली. घडी उलगडली.

हिरव्या चौकड्या. टोकाला लाल दोऱ्याचं रफू.

माझं रफू.

बराच वेळ शिडीवरच उभा होतो. खाली दलदलीत तीन वाजल्या — गोळ्या म्हणतोय मी, घड्याळ नाही — आणि मी मोजल्याही नाहीत, मला ठाऊकच होतं किती असणार.

७ नोव्हेंबर

लिनियाला विचारलं. ती नाही म्हणाली नाही. गाडीच्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून सगळं सांगितलं.

गोळी तिची. संधिप्रकाशात देवदारांत काहीतरी तपकिरी हललं, तिने झाडली. गोळी झाडली की लागो न लागो, जागेवर जाऊन रक्त बघायचं, हा इथला पहिला धडा. ती गेली नाही. चिखल होता, अंधारत होतं, थंडी होती. कॅम्पवर येऊन म्हणाली, चुकली. मग हसणं, कात्री, बियर. तेवढ्यात दलदलीतून तीन गोळ्या. वेस म्हणाला, कुणीतरी बिचाऱ्या हरणाला हप्त्याहप्त्याने मारतंय. सगळे पोट धरून हसले. एकटा अर्वो बूट घालायला लागला. बापाने त्याला खाली बसवलं.

सकाळी पोस्टमन सापडल्यावर बापाने हिशेब केला. ती एकोणीस, तिला तुरुंग. तो पंधरा, त्याच्यावर कायदा दया करतो. चिठ्ठी बदलली. पोरगा हो म्हणाला.

आणि मी त्याला स्वस्तात सुटलास म्हणालो होतो.

ती म्हणाली, थिओ, तू कुणाला सांगणार नाहीस ना. माझा हात धरला होता तिने. वर्षभरात पहिल्यांदा.

८ नोव्हेंबर

टँब्लिनबाईंच्या घराच्या वळणापर्यंत गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. धुराड्यातून धूर निघत होता, अर्वोने फोडलेल्या लाकडांचा. वळलो.

चिंधी काढली आणि शेगडीत घातली. पुरावा संपला. कायद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं, मेलेला काही उठून येत नाही, पोराची लाकडांची शिक्षा निम्मी संपतच आली — बघा, गावाची भाषा किती पटकन येते तोंडात. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं माफ असतं म्हणे. कोण म्हणे? मीच.

पेटताना ओल्या मांसासारखा वास आला.

संध्याकाळी तीन. सरपणाच्या ढिगामागून. काचा थरथरल्या. बंदुकीच्या दारूचा वास खोलीत. मी कानावर उशी दाबून पडलो होतो. तिसरीनंतर कुणीतरी श्वास घेत होतं, ओला, घशात अडकणारा — मी गेलो नाही.

१० नोव्हेंबर

शेगडीवरच्या दोरीवर माझा निळा शर्ट वाळत होता. मागचं शेपूट नाही. सरळ कापलेलं.

भिंतीवर आहे. त्याच खिळ्यावर.

चिठ्ठीवर थिओ. अक्षर माझं.

अर्वोवर संशय घेतला, गाडी काढून त्याच्या शाळेत गेलो. पोरांसमोर भाषण देत होता, शिक्षाच आहे ती, द्यावंच लागतं. म्हणत होता, गोळी झाडलीत तर जाऊन बघा. चुकली वाटलं तरी जाऊन बघा. मागच्या बाकांवरची पोरं एकमेकांना कागदाचे बोळे मारत होती.

बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाबांचेही दोन शर्ट गेलेत या वर्षात. जे ऐकून बसून राहतात त्यांचे जातात. मी विचारलं, तुझा? नाही म्हणाला. मग विचारलं, खरं का सांगून टाकत नाहीस. म्हणाला, तू सांगितलंस का?

१२ नोव्हेंबर

निघून जायला हवं. किल्ली खिशात आहे. पण शनिवारी हंगाम, लिनिया येणार आहे.

काल दोन शर्ट. आज कोटाचं अस्तर.

आता दाराशी होतात. तीन. मग वाट बघतो तो. शिव्या देत नाही, दार ठोठावत नाही. नुसती वाट बघतो. पोस्टमनला सवयच —

१५ नोव्हेंबर, सकाळ

आले सगळे. वेस भिंतीकडे बघून हसला, काय रे पुलाखालच्या, कोंबडी चुकवलीस का. हसताना डोळे हलले नाहीत. लिनिया नारिंगी टोपीत. बंदूक घेऊन. परवाना आहे तिच्याकडे, का नसावा? कायद्याने तिचं काय बघितलंय? माझ्याकडे बघून गोड हसली, आणि मला — लिहू? — किळस आली. तिची नाही फक्त.

अर्वोही आलाय. भांडी घासायला. बंदुकीला हात लावायचा नाही.

ठरवलं. आज वाजल्या तर मी जाणार. हार्यूंसारखा बसून राहणार नाही. आणि उद्या टँब्लिनबाईंना सगळं सांगणार. लिनिया गेली खड्ड्यात.

१५, संध्याकाळ

पेन्सिल. ओली आहे वही. वाचता येईल का —

तीन वाजल्या. धावलो. खुंटीवरून हाताला आला तो कोट घातला, वेसचा, तपकिरी. नारिंगी जाकीट खुंटीवरच. बंदूक घेतली. दलदलीत कुणी नाही. हाक मारली. एक ओंडका. त्याच्यावर पोस्टाची जुनी टोपी — नाही, शेवाळ —

मग लागली. कुशीत. ऊन ऊन.

पलीकडे नारिंगी टोपी. तिचीच वेणी. ओरडायला गेलो, आवाज नाही, फेस. ती दोन पावलं पुढे आली. थांबली. पायाखालचा चिखल बघितला. वळली.

ये ना. अजून थोडं. ये —

गेली.

मी तीन झाडल्या. अंतराने. नीट, शिकवतात तशा.

कॅम्पची खिडकी दिसते. उजेड आहे. हसताहेत. इथवर ऐकू येतं. कापड कापल्याचं सुद्धा — कर्र — एवढ्या लांबून कसं —

चिठ्ठीवर नाव कुणाचं लावतील? अर्वो सोळाचाच. बंदुकीला हात लावलास म्हणतील, या खेपेला दया नाही. पोराला आत टाकतील. मी तपकिरी कोटात होतो म्हणतील. पुलाखालचा होता, त्याला काय कळतं —

लिहून ठेवतो. गोळी लिनियाची. दोन्ही गोळ्या लिनियाच्या. अर्वोने नाही. ऐकताय ना. अर्वोने ना

शेजारी कुणीतरी बसलंय. ओला श्वास. तोही खिडकीकडेच बघतोय.

दार उघडलं! उजेड पडला अंगणात. बूट घातलेला कुणीतरी, बारका, अर्वोच — अर्वो, इकडे —

मागून हात आला. खांद्यावर. त्याला आत ओढतात. दार लाव