रांगेतली शेजारीण

रविवार, २१ नोव्हेंबर १९५४

हातांना फोड आलेत, टाक धरवत नाही. तरी लिहिणार! यांनी आज मला नेमकं त्या वसुधेच्या शेजारी उभं केलं. मुद्दाम नव्हे — यांना मुद्दाम काही करताच येत नाही. श्रमदान मंडळाचे चिटणीस ना हे! बालवाडीच्या जोत्यात मुरूम भरायचाय. टेकडीखाली ढीग, तिथून जोत्यापर्यंत माणसांची रांग, घमेलं हातोहात पुढे. "सबंध कुटुंबानं यायचं, एकट्यानं करतात ती हमाली!" हे यांचं ब्रीद. म्हणून मी, क्षमा आणि हे, तिघंही सातलाच हजर.

ढिगाशी मी, फावडं माझ्या हातात. माझ्यानंतर ती. रांगेत तोंड फिरवायची सोय नाही, घमेलं द्यायचं तर समोरचीकडे बघावंच लागतं. "द्या, जानकीवहिनी," म्हणते कशी साळसूदपणे! दिलं. हसले मात्र नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर

विसरायला नको म्हणून एकदाच लिहून ठेवते. दादरचं स्थळ. मुलगा इंजिनियर, घरचे सगळे समजूतदार, क्षमा पसंत. देण्याघेण्याचंही ठरत आलेलं. आणि दिवाळीनंतर एकदम नकार! मध्यस्थ चाचरत म्हणाले, "मुलीच्या छातीत पाणी झालं होतं म्हणे. तुमच्या मालाडहूनच कळलं त्यांना, अगदी जवळच्या माणसाकडून."

चौदाव्या वर्षी झालेलं दुखणं! बरी होऊन सहा वर्षं झाली पोरीला. आणि घराबाहेर ठाऊक कुणाला? एका वसुधेला. तेव्हा पोरीच्या उशाशी बसायला यायची ना! केसानं गळा कापला मेलीनं. परवा क्षमा मोरीत नळ सोडून रडत होती, मला काय ऐकू येत नाही?

उट्टं काढीन तेव्हाच नावाची जानकी.

रविवार, २८ नोव्हेंबर

आज तिची घमेली शिगोशीग भरली. दाबून दाबून! पुढे ती, मागे मी, कुणाला काय कळणार? गुणाजी गवंडी जोत्यावरून ओरडला, "वयनीनू, घमेलां इतकी भरू नकात, माणसां मरतली!" मरू देत. ती ओठ चावून घेत राहिली. दुपारी कमरेवर हात ठेवून चालत घरी गेली तेव्हा फार बरं वाटलं.

हे म्हणाले, "आज ढिगाकडे झकास काम झालं!"

बुधवार, १ डिसेंबर

वसुधेनं खोबरेल पाठवलं, माझ्या फोडांना. मी ते गड्याला देऊन टाकलं.

रविवार, ५ डिसेंबर

ती कंबर आवळून आलीच. मी पुन्हा घमेली दाबून भरली. आता त्यातही मजा येईना. कंबर काय, चार दिवसांत बरी होते. माझ्या पोरीचं मोडलेलं कोण भरून देणार?

गुरुवार, ९ डिसेंबर

देव आहे गं बाई! वसुधेच्या नीलाला बघायला पार्ल्याचे लोक येताहेत, येत्या रविवारी. स्वतः सांगत आली. "तुमच्या तोंडात साखर पडो, वहिनी, जमू दे म्हणा." मी म्हटलं, "जमेल की!"

क्षमा नीलाला स्वतःची जांभळी साडी द्यायला निघालीय. वेडी कुठली! मैत्रीण म्हणे.

रविवार, १२ डिसेंबर

झालं. केलं मी.

बघण्याच्या कार्यक्रमामुळे वसुधेच्या घरचं रांगेत आज कुणी नव्हतं. दहाच्या सुमारास मुलाची मावशी पाय मोकळे करायला आमच्या रांगेकडे आली, सगळं बघत. यांना तेवढं पुरे! "आलात तर एक घमेलं तरी उचला, ताई!" आणि उभी कुठे केली? माझ्या शेजारी, वसुधेच्या जागी! मी काय मागायला गेले होते?

बाई मोकळी होती. चार घमेल्यांत तिनंच विचारलं, "मुलगी कशी हो? तुम्ही शेजारी, तुम्हाला ठाऊक." मी घमेलं दिलं. म्हटलं, "गुणी आहे. औषध नेमानं घेते, आता फिट फारशा येत नाहीत."

एवढंच. तिचा हात थांबला, पुढे रांग खोळंबली. "फिट?" मी जीभ चावल्याचं सोंग केलं. "अगबाई, तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

साफ खोटं. नीलाला साधी सर्दीसुद्धा होत नाही. वाईट वाटलं का मला? मुळीच नाही.

बुधवार, १५ डिसेंबर

पार्ल्याहून निरोप नाही. वसुधा दारातच उभी असते.

शनिवार, १८ डिसेंबर

नकार आला! जशास तसं! वसुधा आमच्या ओट्यावर बसून रडली. "फिट येतात म्हणाले हो! माझ्या नीलाला? कोणाचं काय वाकडं केलं होतं आम्ही?" मी पाणी दिलं. मनात म्हटलं, आठव बाई, आठवेल. जेवताना दोन घास जास्तच गेले.

क्षमा नीलाकडे झोपायला गेलीय.

रविवार, १९ डिसेंबर

यांनी आज काम बंद ठेवलं. पहिल्यांदाच. सकाळपासून येरझाऱ्या घालताहेत, "खोटं बोलून पोरीचं लग्न मोडतात, माणसं का कोण!"

मी म्हटलं, "आपल्या क्षमाच्या वेळी वसुधाबाईंनी केलंच होतं की."

"वसुधाबाईंनी? छे गं! दादरच्यांना मीच सांगितलं होतं. लपवून का मुलगी द्यायची? खरं होतं ते. तू उगाच रडशील म्हणून बोललो नाही."

सव्वा महिना माझ्या हातचं जेवतोय हा माणूस! मला ओरडायचं होतं, अंगावर धावून जायचं होतं. हे बोलतच होते, "चारला पार्ल्याला निघायचं, हे कोण बोललं ते समोरासमोर विचारायला. वसुधाबाई, नीला, आपण दोघं. तू हवीसच. त्या मावशी रांगेत तुझ्याच शेजारी होत्या ना? तुला बरोबर ओळखतील."

तीन वाजून गेलेत. क्षमानं माझी साडी काढून ठेवलीय.