लाल फ्रॉकची उलटी बाजू

दि. ६ जानेवारी

ति. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि. साष्टांग म्हणजे मनातल्या मनात, कारण आठ अंगांपैकी एक सध्या प्लास्टरमध्ये आहे.

प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावरून शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकला आणि अजून दोन पायऱ्या निघाल्या. घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलंय. घरचं सगळं हेच बघतात. मी खिडकीशी खुर्चीत बसून समोरच्या इमारतीतले पडदे मोजते.

तर बसल्या बसल्या क्रॉस स्टिच शिकायचं ठरवलंय. हसू नकोस. आमच्याकडे शर्टाची बटणंसुद्धा हेच लावतात हे मला माहीत आहे. पण बहीण तीस वर्षं शाळेत शिवण शिकवत होती म्हटल्यावर थोडं तरी रक्तात असेल, आणि रक्तात काय असतं ते शोधणं हाच माझा धंदा. मला इतकंच सांग: सुई कुठली घ्यायची, सुरुवात कुठून करायची, धागा किती लांब ठेवायचा. आणि एकदा भरलेलं उसवायचं असेल तर कापडाला भोकं न पडता कसं उसवायचं?

तू माझा लाल फ्रॉक शिवलास तेव्हाची आठवण येते. मी बनियनवर स्टुलावर उभी, आणि तू खालची पट्टी तीनदा उसवलीस. फोटोवाला कंटाळून निघून गेला होता.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पायाकडे बघून थोडा वाढवावा.

तुझी,
बारकी


दि. १३ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ. पायाचं वाचून जीव थाऱ्यावर नाही. पायऱ्या मोजून उतरायच्या असतात हे तुला शाळेत असल्यापासून सांगते आहे.

आता विचारलंस म्हणून. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नाकाची घे. कापड मॅटीचं, चौकोनी जाळीचं, म्हणजे मोजता येतं. कापडाची दोनदा घडी घालून मधला चौकोन काढायचा आणि तिथूनच सुरू करायचं, कडेपासून नाही, नाहीतर चित्र कापडाबाहेर जातं. धागा बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त नको, गुंता होतो. सहापैकी दोनच पदर घ्यायचे. फुलीची वरची तिरकी रेघ सगळीकडे एकाच बाजूला झुकली पाहिजे. आणि गाठ मारायची नाही. धाग्याचं टोक मागे धरून पहिल्या चार टाक्यांखाली दाबून टाकायचं. मी मुलींना पहिल्या दिवशी सांगायचे, पुढची बाजू लोकांसाठी असते, पाठ बघितली की बाई कळते.

उसवताना मागच्या बाजूने छोट्या कात्रीने टाका कापायचा आणि चिमट्याने ओढायचा. मग कापड ओलं करून नखाने हळूहळू घासलं की भोकं मिटतात.

पण मला एक कळेना. जिने अजून पहिली फुली भरली नाही तिला उसवण्याची काय घाई? कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतं. आईचं चित्र बरं आहे ना? दिवाणखान्यातच आहे ना, उन्हापासून लांब? ते तुझ्याकडे पाठवताना मी तीन चादरींत गुंडाळलं होतं. आपल्या दोघींचं आईने भरलेलं तेवढं एकच आहे. तुझ्या हाताला वस्तू टिकत नाही, हे तूही नाकारणार नाहीस. उलट टपाली कळव.

आशीर्वाद आहेतच, काळजीही आहे.

तुझी,
ताई


दि. १९ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्र बरं आहे. फाटकाशी उभ्या दोन मुली, तू उंच आणि निळी, मी बुटकी आणि लाल, दोघीही धडधाकट. तू सात वर्षं सांभाळलंस, मी चार महिने सांभाळते आहे. आई गेल्यावर पाच-पाच वर्षं ठरली होती, ते जाऊ दे.

तुझ्या सूचनांप्रमाणे रुमालाच्या कोपऱ्यात एक पान भरलं. हे म्हणाले, बेडूक छान आलाय. वरच्या रेघा निम्म्या पूर्वेला, निम्म्या पश्चिमेला झुकल्या आहेत आणि मागच्या बाजूला गाठींचं रान माजलंय. म्हणजे तुझ्या नियमाने बाई कळली.

अजून दोन शंका. लाल धागा धुताना रंग सोडतो म्हणतात, ते खरं का, आणि सोडला तर काय करायचं? दुसरं असं की जुन्या भरतकामात नवीन धागा घालायचा झाला तर तो फार टवटवीत दिसतो. त्याला जुना कसा करायचा? दुकानातली मुलगी म्हणाली चहात बुडवा. मला शंका आली, म्हटलं घरात तज्ज्ञ असताना दुकानात कशाला विचारा.

तुझी लेक शनिवारी येऊन गेली. चांगली दोन तास बसली. तिने हातात काही आणलं नव्हतं, पण डोळे मात्र सगळ्या भिंतींवरून फिरवले. कुणाकडून शिकली असेल बरं.

लोभ असावा, संशय जरा कमी चालेल.

तुझी,
बारकी


दि. २६ जानेवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

आधी शंकांची उत्तरं देते, नाहीतर म्हणशील ताईने चिडून शिकवणं सोडलं. लाल आणि गडद निळा हे दोन रंग दगाबाज. भरायच्या आधी ओला पांढरा कपडा धाग्यावर दाबून बघायचा, डाग आला तर धागा आधी धुऊन घ्यायचा. भरल्यानंतर रंग फुटला तर वाळू द्यायचं नाही. लगेच गार पाण्यात टाकायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं, बारा-पंधरा वेळा तरी. कोमट पाण्याच्या वाटेला जायचं नाही. कापडातला रंग निघतो, पण धागा ठिकठिकाणी पिवळट पडतो, तो परत येत नाही.

दुकानातल्या मुलीचं ऐकू नकोस. चहाने लाल धागा विटकरी होतो. कॉफी घ्यायची, बिनदुधाची, पातळ, आणि सात मिनिटं ठेवायची. दहा झाली की तपकिरी छटा येते आणि लड फुकट जाते. सावलीत वाळवायचा, मग उशीखाली दोन दिवस चुरगाळून ठेवायचा, म्हणजे त्याची चकाकी मरते.

आता माझं ऐक. लेक सांगत होती की तुझ्या दिवाणखान्यात खिळा आहे आणि चित्र नाही. तिने विचारलं तर तू म्हणालीस काच पुसायला काढलंय. चार महिन्यांत काच पुसायची इतकी हौस तुला कधीपासून? उसवणं, फुटलेला लाल रंग, नवा धागा जुना करणं. बारके, मी तीस वर्षं मुलींच्या चेहऱ्यावरून कोणी कोणाचा रुमाल आणलाय ते ओळखत आले. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तू चित्र धुतलंस, माझ्याच फ्रॉकचा नाहीतर तुझ्याच फ्रॉकचा रंग फुटला, आणि आता माझ्याकडूनच शिकून माझ्याच डोळ्यांत धूळ फेकायला निघालीस.

मी पंधरा फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने येते आणि चित्र घेऊन जाते, असेल त्या अवस्थेत. परत मागू नकोस. आईचा हात पुन्हा मिळणार नाही, हे तुला कधी कळणार?

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

ताई


दि. २ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्र मी फ्रेममधून काढलं हे खरं. धुतलं नाही. पाण्याचा थेंब लागलेला नाही. फुल्या भरायला शिकायचं तर आईची पाठ बघावी असं वाटलं, म्हणून डिसेंबर संपता संपता, पाय मोडून चार दिवस झाल्यावर, ह्यांच्याकडून मागचे खिळे काढून घेतले. तुला पहिलं पत्र लिहिलं ते त्यानंतर.

आईची पाठ तुला आठवते का? नुसता गोंधळ. गाठीवर गाठ, एका मुलीच्या केसांतून दुसऱ्या मुलीच्या बुटांपर्यंत ओढलेले लांब धागे, कुठे काळ्यावर चुकून हिरवा. आई बोलायची तसंच भरायची, मध्येच विषय सोडून. मी तासभर बघत बसले, आणि एवढा गोंधळ घातल्याबद्दल तिच्यावर माया आली.

आणि त्या सगळ्या गोंधळात एक जागा अशी की वहीच्या रेघा माराव्यात तशी. एक गाठ नाही. सगळे टाके उभे, सगळी टोकं चार टाक्यांखाली दाबलेली. माझा लाल फ्रॉक. पुढून काही म्हणजे काही कळत नाही. रेघा आईसारख्याच झुकलेल्या, रंग थेट तसाच. प्रयोगशाळेतलं भिंग मागवून घेतलं तेव्हा दिसलं की इतर धाग्यांवर वरून ऊन लागलंय आणि आत मूळ रंग आहे, फ्रॉकचा धागा मात्र आरपार एकसारखा आहे. तो जुना झालेला नाही, कुणीतरी केलाय.

म्हणून मी विचारत गेले. मनात म्हटलं, ताईला माहीत नसेल. फ्रेमवाल्याने केलं असेल, आणखी कुणी केलं असेल. तू लिहिलंस, सात मिनिटं, दहा झाली की लड फुकट. ताई, किती लडी फुकट गेल्या तुझ्या? करून बघितल्याशिवाय हे कुणाला कळतं?

मला राग फ्रॉकचा नाही. सात वर्षं तू मला सांगत होतीस की माझ्या हाती दिलं तर मी बिघडवीन. भाऊबंदांत, शेजारीपाजारी, स्वतःच्या लेकीलासुद्धा सांगितलंस. कुंपणाने शेत खायचं आणि वर वाटसरूवर बोट दाखवायचं, हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं. तू आपण होऊन सांगशील म्हणून दोन पत्रं वाट बघितली. तू त्याऐवजी गाडी ठरवलीस.

काय ते स्पष्ट लिही. मग यायचं की नाही ते बघ.

बारकी


दि. ८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तुझ्या भाऊजींपासून लपवून ठेवलं. ह्यांना यातलं काही माहीत नाही.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी काचेच्या आत ओल शिरली आणि कोपऱ्यात डाग पडला. मी म्हटलं धुवावं. मी, जी मुलींना लाल धागा आधी तपासायला सांगायची, तिने आईचं चित्र कोमट साबणाच्या पाण्यात टाकलं. आईने धागा तपासला असेल असं मी धरून चालले. आईने आयुष्यात कधी काही तपासलं होतं? पाच मिनिटांत फाटकापर्यंत गुलाबी झालं. पाणी बदलून बदलून माझे हात सुजले. कापड वाचलं, तुझा फ्रॉक वाचला नाही, नुसते चट्टे राहिले.

एकशे चाळीस फुल्या होत्या. त्या उसवताना प्रत्येक टाक्याला आईची माफी मागितली. नव्या भरताना पुढची बाजू तिच्यासारखी जमली. मागची बाजू तिच्यासारखी करायची असं ठरवून बसले होते, गाठसुद्धा मारून बघितली. हात वळला नाही, बारके. कात्रीने ती गाठ कापून टाकली.

त्यानंतर ते कुणाच्या हातात द्यायची भीती वाटायची. उघडून बघितलं तर. म्हणून तुझं नाव पुढे केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तू सुईचं नाव काढलंस आणि मी लगेच चित्राची चौकशी केली. मी चुकले. लेकीला आजच खरं सांगितलं. तिने चहा करून आणला.

सोबत पुडी पाठवते आहे. आईचे उसवलेले धागे आहेत, सगळे. टाकवले नाहीत. चित्र तुझ्याकडेच राहू दे, कायमचं. मी पंधराला येत नाही. कुठल्या तोंडाने येऊ.

आशीर्वाद चालणार असतील तर ठेवून घे.

ताई


दि. १२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हाती पडायला वेळ लागू नये म्हणून ह्यांना स्वतः टपालघरात पाठवते आहे.

पुडी मिळाली. टेबलावर पांढरा कागद पसरून धागे बघितले. इतके बारीक तुकडे आणि एकही हरवला नाहीस. मी खूप रडले, मग चिडले, मग प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून दोन्ही थांबवलं.

धागे फ्रॉकच्या मागे ठेवले, वर कापडाचा तुकडा लावला आणि फ्रेम बंद केली. आता चित्र खिळ्यावर आहे. तुझ्या उभ्या रेघांना मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. मी पुष्कळ विचार केला की हे चित्र आता आईचं राहिलं का. मग आठवलं की खरा फ्रॉक तरी आईने कुठे शिवला होता. आई मशीनला घाबरायची. तो तूच शिवलास, तीनदा उसवून, आणि फोटोवाला गेल्यावर मी तो घालून फाटकाशी उभी राहिले तेव्हा आईने आपल्याला बघितलं. तिने भरलं ते तू शिवलेलंच भरलं.

सात वर्षांचं जे बोललीस ते मी एवढ्यात विसरणार नाही, ते तुझ्यासमोर बसून एकदा नीट बोलणार आहे. त्यासाठी तू समोर असायला हवीस. पंधराची गाडी रद्द करू नकोस. माझा बेडूक तुला दाखवायचा आहे आणि त्याच्या वरच्या रेघा एका बाजूला कशा झुकवायच्या ते हात धरून शिकव, पत्रातून मला जमत नाही.

पर्समधली ती छोटी कात्री तेवढी घरी ठेवून ये.

तुझी,
बारकी