आठवं दार

१२ जानेवारी २०२५, रविवार

फसले! मुख्याध्यापकांनी न विचारता माझं नाव देऊन टाकलं. पुण्याच्या एका कलासंस्थेनं कुणी इराणी बाई पाठवल्या आहेत. पारनेर तालुक्यातल्या बायकांवर फिल्म करणार म्हणे. तर दुभाषी म्हणून आमच्या जयामॅडम! का, तर मी चित्रकला शिकवते आणि 'मॅडमचं हिंदी चांगलंय'. माझं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेलं.

बाईंचं नाव फरीबा. साठीच्या आहेत. तरुणपणी तीन वर्षं पुण्यात शिकायला होत्या, म्हणून मोडकंतोडकं हिंदी त्यांनाही येतं. राहतात जर्मनीत. त्यांच्या फिल्मा इराणच्या सरकारला खपल्या नाहीत, बावीस वर्षं तिकडं पाऊल ठेवता आलेलं नाही. आई तिथंच. हे सगळं चहा फुंकत सांगितलं — आपण लाइट गेल्याचं सांगतो तसं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देता देता काम समजून घेतलं. सात बायका निवडायच्या. एकेकीला तिच्या माहेरी न्यायचं. तिनं बंद दारासमोर उभं राहून लहानपणी मारायची तशी हाक मारायची. कॅमेरा पाठीमागे. दार उघडेपर्यंत थांबायचं. शेवटी एका अंधाऱ्या हॉलमध्ये सात पडदे, त्यांवर सात दारं, आणि बघणारा मध्ये उभा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. माझं दार कसं उघडलं असतं, ते मला बघायचंय."

मग माझ्याकडे वळल्या. तुझं माहेर कुठं? शेवगावकडे. किती लांब? शंभरेक किलोमीटर. "मग आठवं दार तुझं!"

मी केबल गुंडाळायला घेतली.

१९ जानेवारी

दोन दारं झाली. पहिल्या दोघी इतक्या हसत होत्या की हाकच फुटेना. पण दार उघडलं की सगळीकडे तेच — वहिनी नाहीतर आई भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात. तुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मगच लेक आत. फरीबांनी विचारलं, हे कॅमेऱ्यासाठी करतात का? म्हटलं, नाही हो, नेहमीचंच आहे. त्या कितीतरी वेळ पायांवरच्या त्या ओल्या मातीचंच शूटिंग करत बसल्या.

मी गाडीत जाऊन बसले. डोळ्यांत काही गेलं असं सांगितलं. काही गेलं नव्हतं.

२५ जानेवारी

आजचं विसरणार नाही. मुक्ताबाई, सत्तरीच्या. हौसेनं इरकल नेसून आल्या. माहेरच्या दारात उभं राहून खणखणीत हाक मारली — "दादा! ए दादा!" दादा जाऊन नऊ वर्षं झाली, हे त्यांना माहीत होतंच. पण लहानपणी हीच हाक मारायच्या म्हणून तीच मारली. दार उघडलं ते एका कोवळ्या सुनेनं.

"कोन पाहिजे?"

मुक्ताबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "काय न्हाई गं बाई. पानी पाहिजे हुतं."

तिनं पाणी दिलं. चांगली होती बिचारी, थंड पाणी आणलं. मुक्ताबाई प्यायल्या आणि परत गाडीत येऊन बसल्या. फरीबा म्हणाल्या, हे ठेवू नये, पुसून टाकते. मुक्ताबाईंना विचारलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. ते बी दारच हाय."

२ फेब्रुवारी

फरीबांनी परत विचारलं. आज मात्र सांगून टाकलं.

वडील गेले. सहा एकर रान, आम्ही दोघं भावंडं. आमच्याकडे बहिणींनी हक्कसोड करून द्यायची असते. सगळ्याच देतात. कचेरीत जायचं, आपला वाटा भावाला सोडला म्हणून सही करायची, बाहेर आलं की भाऊ साडी नेसवतो. मी फक्त म्हटलं होतं, "विचार करून सांगते." एवढंच! नाही असंही म्हटलं नव्हतं. त्या वर्षी भाऊबीजेला गेले तर दार बंद. खिडकीतून भावजय, रुपाली, म्हणाली, घरात कुणी न्हाई. आत आईचा खोकला मला ऐकू येत होता.

अकरा वर्षं झाली. फोन केला की रुपालीच उचलते. आईला ती आत्या म्हणते. "आत्या झोपल्यात." सकाळी नऊला झोपल्यात, संध्याकाळी सहाला झोपल्यात! बिभीषण माझा धाकटा भाऊ, ह्याच हातांनी त्याला शाळेत सोडायचे. आईला माझ्याशी बोलूसुद्धा देत नाही. तळतळाट होतो नुसता.

हक्क, वारस हे शब्द फरीबांना सांगावे लागले नाहीत. त्यांच्याकडेही हेच आहेत. म्हणाल्या, आमच्याकडे मुलीला कायद्यानं भावाच्या निम्मं. तुमच्याकडे?

"कायद्यानं बरोबरीनं."

"मग?"

"मग सही करून परत द्यायचं."

फरीबांनी लेन्सचं झाकण लावलं. म्हणाल्या, तुला तर व्हिसासुद्धा लागत नाही गं. लागलं ते. अजून लागतंय.

९ फेब्रुवारी

फरीबांची आई गेली. लॉजवर पोचले तर त्या जमिनीवर बसलेल्या, मोबाईल खुर्चीला टेकवून ठेवलेला. तिकडे भाची हातात फोन धरून उभी आणि इकडे फरीबा कबरीवर पडणाऱ्या मातीचं चित्र सारखं थरथरताना बघतायत. मधेच रेंज गेली. परत आली तोवर माणसं पांगायला लागली होती.

मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले. एकाच गोष्टीचा विचार करत होते आणि त्याची लाज वाटत होती. माझी आई जिवंत आहे, माझी आई जिवंत आहे!

१० फेब्रुवारी

बिभीषणला फोन केला. म्हटलं, मी सही करते, मला आईला भेटू दे. तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "ये."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झाली सही. फोटो काढला, अंगठा घेतला. माझे यजमान हनुमंत सोबत आले, आदल्या रात्री फक्त म्हणाले, "तुझं रान, तुझी आई. मी कोण सांगनार?" बाहेर बिभीषणनं साडी दिली. आंबा कलर. माझ्याकडे बघत नव्हता. केस किती पिकलेत त्याचे!

फरीबांना सहीचं सांगितलेलं नाही. रविवारी माझ्या दाराशी या, एवढंच म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

हाक मारली. "आई!" आवाज नववीतल्या मुलीसारखा चिरकला. दार लगेच उघडलं. रुपालीनं तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. मी भोकाड पसरलं, तेही कॅमेऱ्यासमोर. काय करणार!

आई खाटेवर. एवढीशी झाली आहे. मी पायाशी बसले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानाची पाळी चाचपली. मग विचारलं, "सही दिली?"

"दिली, आई."

हात काढून घेतला. भिंतीकडे तोंड केलं. मी तीन तास बसले होते, वळली नाही. अकरा वर्षं लावलीस म्हणून रागावली असेल. रागावू दे. हक्क आहे तिचा.

२३ फेब्रुवारी

परत गेले. परत भिंत. रुपाली म्हणते, जेवनावर वासना न्हाई त्यांची.

१६ मार्च

नगरला एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. उद्या फरीबा जर्मनीला जाणार, म्हणून आधी इथल्या माणसांना. आठ पडदे. मुक्ताबाई आपल्या पडद्यासमोर हात जोडून उभ्या. सगळ्यात गर्दी माझ्या दाराशी! बायका डोळे पुसत होत्या. कॉलेजची एक मुलगी म्हणाली, किती पटकन उघडलं ना तुमचं! फरीबांनी मला घट्ट धरलं — हेच, हेच मला बघायचं होतं.

सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. फरीबांचं एवढं एकच दार उघडलंय, ते मी कसं लावू?

बिभीषण आला होता. कोपऱ्यात उभा राहून माझंच दार पुन्हापुन्हा बघत होता. स्टँडवर सोडतो म्हणाला.

१७ मार्च

काल स्टँडवर तो गाडीतून उतरू देईना. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत म्हणाला, "तुला आनायला म्या दोनदा गाडी काढली हुती, ताई. आईच आडवी आली. फोन बी तीच घेत नव्हती. तू सही करते म्हनलीस तवाच तुला सांगाया पाहिजे हुतं. न्हाई सांगितलं. रानाचा मोह पडला मला. आई म्हनायची, तिला दारात घिऊ नगं. आली की रडंल, अन् रडली की सही दिऊन जाईल. म्या माझ्या भावाला दिली, तशी."