आमची गाडी अजून दहा वर्षं चालेल

३० मार्च, पाडवा
शेजारच्या बुद्धरत्न कांबळेंनी नवी गाडी आणली. सोसायटीभर पेढे. नीलाने पेढा हातात घेतला आणि विचारलं, आपण कधी? ही बाई कंपनीत पर्चेसला आहे, विकत घेण्याशिवाय तिला दुसरं सुचत नाही. तिला शांतपणे समजावलं की नव्या गाड्यांच्या दारांची रबरं महाळुंग्याला आमच्याच कंपनीत बनतात आणि क्वालिटीला मी आहे. नव्या गाड्यांचं कौतुक मला सांगू नये.
आपली गाडी सतरा वर्षांची. ऐन तारुण्य. आरटीओच्या पासिंगलाही पास झाली.
निश्चय: गाडी विकणार नाही. पोरीची, पिंकीची सीईटी यायच्या आत टकाटक करून दाखवणार.

३ एप्रिल
गाडी विक्कीच्या गॅरेजला नेली. (म्हणजे विक्की येऊन ओढून घेऊन गेला.) त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच मिटलं. म्हणाला, भाऊ, आता हिला सोडा, नवी बघा. ज्याचं पोट रिपेअरिंगवर आहे त्याने असं बोलावं? आजकाल कुणाला काम नको. क्लच बदल, रेडिएटरचं लीकेज काढ, बाकी मी बघतो असं सुनावून आलो.

१३ एप्रिल, रविवार
गाडी परत आली. हॉर्न बंद होता, तो व्हिडिओ बघून स्वतः दुरुस्त केला. आता हॉर्न दाबला की वायपर फिरतो. हॉर्न वाजत नाही, पण समोरच्याला हालचाल तरी दिसते.
संध्याकाळी नीलाच्या हट्टाखातर शोरूमला. केवळ तिचा भ्रम दूर करायला. तिथल्या स्वप्नाली नावाच्या मुलीला मी दाराचं रबर दाबून दाखवलं, हे आमचंच, फार टिकत नाही. नीलाने माझा पाय दाबला. मग टेस्ट ड्राइव्ह तिनेच घेतली. लायसन्स आहे तिच्याकडे, पण आपली गाडी मी तिला कधी दिली नाही. दुसऱ्या गिअरची समजूत काढावी लागते, ती फक्त मला जमते. तिने शोरूमची गाडी स्पाइन रोडला सफाईने फिरवून आणली. मोकळ्या रस्त्यावर कुणीही चालवेल.

२१ एप्रिल
उद्या पिंकीची सीईटी. सेंटर ताथवड्याला. नीला म्हणाली कॅब बुक करू. साफ नकार दिला. बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोरगी याच गाडीतून गेली, रडत रडत, माझा शर्ट धरून. इंजिनिअरिंगलाही हिच्यातूनच जाईल. गाडी धुतली, पॉलिश मारलं. आरशासारखी चमकते.

२२ एप्रिल, मंगळवार
निघोज्यातून वेळेत निघालो. तळवड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. सिग्नलला मात्र थांबली आणि थांबलीच. बॉनेटमधून वाफ. मागे कंटेनरवाले हॉर्नवर हॉर्न. दोन मिनिटांत चालू होईल असं मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगितलं. पिंकी घड्याळाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. नीलाने न विचारता कांबळेंना फोन लावला होता. ते ड्युटीला निघालेले, पण गाडी वळवून आले. दोघी त्यांच्या नव्या गाडीत बसल्या. मी म्हणत होतो, कुठल्याही क्षणी सुरू होईल.
पिंकी उतरून परत माझ्यापाशी आली. "बाबा, तुम्ही गाडीजवळ थांबा. माझा पेपर चांगला जाणार आहे. टेन्शन घेऊ नका."
रेडिएटरच्या वाफेने डोळ्यांना बराच वेळ पाणी येतं. हे कुणी सांगत नाही.

२३ एप्रिल
पेपर चांगला गेला. गेट बंद व्हायच्या आत पोचली. म्हणजे निघायच्या वेळेचं माझं कॅल्क्युलेशन अचूक होतं. नीला कालपासून गाडीबद्दल एक शब्द बोललेली नाही. पटलेलं दिसतंय.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
नीला हाफ डे टाकून गेली आणि नवी गाडी चालवत आली. तिच्या नावावर, तिच्या लोनवर. पिंकीने हार घातला. कांबळेवहिनींनी औक्षण केलं. मी तोंड उघडायच्या आत नीला म्हणाली, "तुमची गाडी विकायची नाही. ती तुमची. ही माझी."
म्हणजे एवढा महिनाभर मी जे म्हणत होतो तेच झालं. गाडी विकली गेली नाही. पेढा खाल्ला. बरा होता.

४ मे, रविवार
रिपेअर केलेली गाडी काय चीज असते हे घरच्यांना दाखवायला एकट्याने लाँग ड्राइव्हला निघालो. खेडपर्यंत जायचा बेत होता. महाळुंग्याला, नेमकी आमच्या कंपनीच्या गेटसमोर, गाडीने विश्रांती घेतली. सेकंड शिफ्ट आत चालली होती. सगळ्यांनी नमस्कार केला, काहींनी धक्काही मारून पाहिला. विक्की फोन उचलेना. शेवटी नीलाला लावला.
ती आली. डिकीतून दोर काढला, दोन्ही गाड्यांना गच्च बांधला. पुढे ती, शेजारी पिंकी. मागच्या गाडीत मी, स्टिअरिंग घट्ट धरून. गेटवरच्या वॉचमनने सॅल्यूट ठोकला, मीही मान हलवली.
एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. महाळुंग्यापासून निघोज्यापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही.