चार इंचांची भानगड

१७ मार्च १९७४

जालन्याहून कोट आला. माणूस नाही, कोट! काकासाहेबांनी, म्हणजे आमच्या होणाऱ्या व्याह्यांनी, गड्याच्या हाती पेपरात गुंडाळून पाठवला. बरोबर चिठ्ठी — "नवरदेवाच्या सुटासाठी मापाचा कोट पाठवत आहोत. आमच्यात साखरपुडा झाला की नवरदेव लग्नापर्यंत मुलीकडं जात नाही."

ठीक आहे. रीत ती रीत. नवरदेवाचा सूट मुलीकडच्यांनी शिवायचा ही पण रीतच, आणि मी ती पाळतोय. पण पोरगं शिंप्याकडं पण येऊ शकत नाही? औरंगाबादची अख्खी गुलमंडी काय त्याची सासुरवाडी आहे? कुठला शिंपी कोटाला टेप लावून माणसाचं कापड कापतो? असेल, त्यांच्यात तसंच चालत असेल. पण मला हे पटलं नाही.

कोट आत-बाहेर उलटून बघितला. वच्छला म्हणाली, "अहो, कोट बघताय का चोर धरताय?" तीस वर्षं कचेरीत लोकांच्या अर्जावरच्या सह्या ताडून बघण्यात गेली. डोळ्याला सवय लागली, आता काय करता.

१८ मार्च

कोट घेऊन करीमोद्दीन मास्टरकडं गेलो. त्यानं टेप लावला. "छाती चालीस, साब. पन ये कोट लई पुराना है. बीस साल पैले का ढीला कट."

मी तिथंच धरलं. नवरदेव बद्रीनाथ पंचविशीचा. वीस वर्षांमागं पाच वर्षांचं पोर चाळीस छातीचा कोट घालत होतं काय? आणि हाच कोट घालून पठ्ठ्या साखरपुड्याला बसला होता! तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की खांदे लोंबतायत. वच्छलाला म्हणलंही होतं. ती म्हणाली, पेढा घ्या.

दुसऱ्याचा कोट घालून मुलगी बघायला येणारा माणूस आत काय लपवतो?

२४ मार्च

चॉकलेटी टेरीवूल घेतलं, सव्वातीन मीटर. मोजून घेतलं, दोनदा. वैशाखात टेरीवूल! घाम काढील पोराचा. पण सूट पाहिजेच म्हणे.

आमच्या वेळेला सूट कुठला. माझ्या लग्नात शेरवानी होती, अंगाला अशी बसलेली की श्वास घेताना बटणं मोजावी लागायची. पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला आणि शेरवानी ट्रंकेत गेली. मग सूट शिवला, ह्याच करीमोद्दीनच्या बापाकडं. त्यात मी आणि माझा भाऊ दोघं मावलो असतो. पण गल्लीत लोक वळून बघायचे, साहेब चालले साहेब! मग मधे पोरांच्या नळकांड्या विजारी आल्या, बसलं की फाटायच्या. आता आणखीन नवीनच. वरती आवळायचं, कमरेला आवळायचं आणि खाली पायाशी घेर सोडायचा. झाडू मारतात रस्त्याला!

मला एकच कळत नाही. आवळायचं तर कापड कमी लागायला पाहिजे. मग सव्वातीन मीटर कशाला? मास्टरला विचारलं. हसला. "ऊपर का कपडा नीचे गया, साब." गेला असेल. का मास्टरच्या कपाटात गेला? मी त्याच्या पोराच्या अंगावर चॉकलेटी बंडी दिसते का बघणार आहे.

१ एप्रिल

बद्रीनाथचं पत्र. मला! "ती. आप्पासाहेबांस सा. न. वि. वि. कोटाच्या मापानं शिवू नये. छाती छत्तीस धरावी, कमर घट्ट, पँट खाली बावीस इंच. हल्ली असंच घालतात."

चाळीसचा छत्तीस! साखरपुडा माघात झाला. दोन महिन्यांत माणूस चार इंच आटला?

हल्ली असंच घालतात म्हणे. हल्ली म्हणलं की काहीपण खपतं.

३ एप्रिल

कचेरीत लक्ष लागलं नाही. पहिल्या दिवसापासून वाटत होतं. आता लिहूनच टाकतो — पोरगा छातीचा आजारी आहे. सैल कोटात बरगड्या झाकल्या. आता उघडं पडायची वेळ आली तर फॅशनचं नाव पुढं करतोय.

वच्छलाला सांगितलं. म्हणाली, "घट्ट कपडे मागतोय म्हणजे अंग दाखवतोय ना? लपवणारा सैल मागल." ह्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आशा माझी एकुलती पोर आहे. लग्नानंतर वर्षभरात ती कुणाच्या उशाशी औषधाची बाटली घेऊन बसलेली मला बघायची नाही. लोक मला हसतात, हसू देत.

१६ एप्रिल

रजा टाकून जालन्याला गेलो. घरी सांगितलं, तहसिलीचं काम.

बद्रीनाथच्या बँकेसमोर चहाच्या टपरीवर बसलो. शिपाई आला चहा न्यायला. त्याला कोपऱ्यात घेतलं, म्हणलं, बद्रीनाथरावांना खोकला कसा आहे? तो म्हणाला, "खोकला? साहेबाला? नाय बा." मग म्हणलं, रजा फार घेतात का? "रजा नाय. पण शनिवारी हाफ डे झाला की औरंगाबादची गाडी धरतात. दर शनिवारी. दोन-तीन महिने झाले."

दर शनिवारी! औरंगाबाद! आमच्याकडं येत नाही, रीत आहे म्हणे. मग येतो कुठं?

मोठं सरकारी हॉस्पिटल औरंगाबादलाच आहे. झालं. कळलं.

१७ एप्रिल

हॉस्पिटलात गेलो. तिथल्या कारकुनाच्या फार पाया पडावं लागलं. रजिस्टर बघितलं, माघापासून. त्याचं नाव नाही.

म्हणजे दुसऱ्या नावानं येतो.

१९ एप्रिल

आशाला समोर बसवून सांगितलं सगळं. कोट, पत्र, शनिवार. ती खाली बघत ऐकत होती. शनिवार म्हणलं तेव्हा वर बघितलं. एवढंच म्हणाली, "आप्पा, तुम्ही त्यांनाच का नाही विचारलं?"

म्हणलं, बाई, तोंडावर विचारलं की माणूस तयार होऊन खोटं बोलतो.

"मग खरं कधी बोलतो?"

कॉलेजात शिकवतात हे असलं.

२१ एप्रिल

लग्न मोडलं. कोट परत पाठवला, बरोबर पत्र. कारण दिलं नाही, दिलं तर ते पुरावा मागतील. पाच मेची तारीख होती, पत्रिका अजून छापायला टाकल्या नव्हत्या ते एक बरं.

वच्छला जेवली नाही. भांडी जरा जास्तच आपटली. आशा मात्र रडली नाही. माझ्यासारखी आहे. तिला कळतं बापाचं मन.

२३ एप्रिल

मास्टरला शिलाई थांबव म्हणून सांगायला गेलो. नवा कोट टांगलेला, एक बाही लागलेली. म्हणलं, राहू दे, लग्न मोडलं. त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"क्यूं साब? नौशे तो बहोत अच्छे हैं."

तू नवरदेव कुठं बघितलास?

"इधरीच. दो-तीन शनिचर हुए. आप के कोट का माप मेरे को नै जम रा था, तो वो खुद आ गए. बदन पे टेप लगाया. छत्तीस, बराबर छत्तीस. सीना पत्थर है साब, गन्ने का पला हुआ बच्चा है. वो ढीला कोट तो उन के वालिद का था. उन के घर में बाप के शादी का कोट बेटे के माप को भेजते, बरकत का बोलके. बच्चे ने मेरे को हाथ जोडके बोला, मास्टर, अब्बा को बुरा लगेगा, पन मेरे को अब्बा के साइज का मत सिलो."

मी म्हणलं, तुला कुणी पढवलं हे सांगायला? पंचवीस वर्षांची ओळख आमची. मास्टरनं हातातल्या टाचण्या डबीत टाकल्या. मग म्हणाला, "साब, बदन नै घटा. फ्याशन घटा." आणि मशीनवर जाऊन बसला. चहा विचारला नाही. पहिल्यांदाच.

२४ एप्रिल

बापाच्या लग्नाचा कोट. म्हणून वीस वर्षं जुना. जास्तच असेल.

म्हणजे चार इंच कुठं गेलेच नव्हते.

पण मग शनिवार? मास्टरकडं एकदा आला, समजा. बाकीचे? ते काही सुटत नाही. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी चुकलो असं म्हणता येत नाही.

२६ एप्रिल

काकासाहेबांना पत्र लिहावं का? काय लिहू? तुमच्या कोटावर संशय घेतला, माफ करा? व्याही गावभर वाचून दाखवील.

२७ एप्रिल

लिहिलं. फाडलं.

२९ एप्रिल

परत लिहिलं. "गैरसमजातून" इथपर्यंत आलो. कुणाच्या गैरसमजातून ते लिहिता येईना. लाज वाटते. तेवीस वर्षांची पोर माझ्या एका खोडीपायी घरात बसली, आणि मी शब्द शोधत बसलोय. उद्या नक्की टाकतो.

जालन्याहून काहीच उत्तर नाही. शिव्या नाहीत, निरोप नाही. एवढी गप्प बसणारी माणसं मी बघितली नाहीत. काहीतरी शिजतंय.

२ मे

पत्र खिशातच आहे.

४ मे

आशा घरात नाही. वच्छलानं तिला सकाळच्या जालन्याच्या गाडीत बसवून दिलं. स्वतः! आणि परत येऊन मला चहा दिला.

लग्न उद्याच आहे, ठरलेल्या तारखेला, त्यांच्या दारात. मायलेकींनी लग्न मोडल्याचं माझं पत्र पोचायच्या आधी काकासाहेबांना निरोप धाडला होता, आप्पांचं मनावर घेऊ नका म्हणून. बद्रीनाथ दर शनिवारी आशाला भेटायला यायचा, आणि वच्छला सोबत असायची. माघापासून. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "सांगून काय? माझापण तपास केला असता तुम्ही."

आशाचा निरोप आहे — आप्पांना म्हणावं या, नुसते बाप म्हणून या.

वच्छला पिशवी भरतेय. तिनं विचारलं, तुमचं तिकीट काढू का? गाडी कितीची, उतरायचं कुणाकडं, तिथं कोण कोण आहेत, काकासाहेब काय म्हणाले — सगळं ओठावर आलं होतं. एकसुद्धा विचारलं नाही. काढ म्हणलं.